उघडे ठेवलेले खाते

महाराष्ट्रात तळेगावे पुष्कळ. दाभाड्यांचे एक, ढमढेऱ्यांचे एक, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात दशासर. म्हणून आमच्या गावाला कंसात श्यामजी पंतांना घेऊन फिरावे लागते. तळेगाव (श्यामजी पंत), तालुका आष्टी, जिल्हा वर्धा. नागपूर-अमरावती महामार्ग गावाला लागून जातो. सरकारदरबारी त्याचा क्रमांक आता ५३ आहे, पण जुनी माणसे अजून ‘सहा नंबर’च म्हणतात. एक फाटा आर्वीकडे वळतो, दुसरा आष्टीकडे. अशा गावाला चहाच्या टपऱ्या, पंक्चरची दुकाने आणि अपघात या तीन गोष्टी न मागता मिळतात.

काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात नागपूरचे एक लग्न आटोपून आम्ही रात्री गाडीने परतत होतो. गाव दोन-तीन किलोमीटरवर आले असताना रस्त्याच्या कडेला मोटारसायकल आडवी पडलेली दिसली. चार-सहा माणसे होती आणि कुणीतरी मोबाइलचा उजेड धरला होता. मी चालकाला थांब म्हणालो नाही. माणसे आहेत ना तिथे, कुणीतरी फोन केला असेल, गाडीत बायकामुले आहेत, पोलिसांचे लचांड मागे लागेल, ही सगळी कारणे मला एका क्षणात सुचली. चांगली कारणे नेहमीच लवकर सुचतात.

सकाळी फाट्यावर चहा प्यायला गेलो. टपरीच्या मागे तारेवर एक रजई वाळत होती. धुतलेली होती, पण एका कोपऱ्यात तपकिरी डाग तसाच राहिला होता. टपरीवाल्याने रात्री ती त्या पोरावर टाकली होती, गाडीत त्याच्याबरोबर बसून दवाखान्यात गेला होता आणि पहाटे चारला ट्रकवाल्याला हात दाखवून परत आला होता. तुझा तो कोण लागत होता, असे मी विचारले. मूर्ख प्रश्न होता. तो दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्याकडे बघत म्हणाला, “कोनी नाही. थंडी होती भाऊ, मंग काय करतो?” आणि थोड्या वेळाने, “उद्या जाऊन पायतो, उठून बसला का नाही थो.”

ख्रिस्ती प्रीती रोजच्या जगण्यात कशी उतरते, या विषयावरील पुढच्या पानांना प्रस्तावना लिहिण्याची विनंती आली तेव्हा मला आधी ती रजई आठवली. मी ख्रिस्ती नाही. टपरीवालाही नाही. तरी नकार दिला नाही, कारण या विषयाची मूळ गोष्टच हमरस्त्यावरची आहे आणि मी त्या गोष्टीत कोणत्या जागी उभा होतो हे मला ठाऊक आहे.

ती गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात आहे. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर एका प्रवाशाला चोरांनी मारून अर्धमेला टाकले. एक याजक आला, बघून दुसऱ्या बाजूने गेला. एक लेवी आला, तोही तसाच गेला. तिसरा आला तो शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांना बाटलेले समजत आणि ज्यांच्याशी पाण्याचाही व्यवहार टाळत त्यांतला. तो थांबला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि रात्रभर त्याची शुश्रूषा केली. दुसऱ्या दिवशी निघताना त्याने उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवले. दिनार म्हणजे तेव्हाच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. यापेक्षा जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन, असेही तो सांगून गेला.

या गोष्टीवर हजारो प्रवचने झाली असतील. मला त्यातला शेवटचा व्यवहार सर्वांत मोलाचा वाटतो. दोन दिनार देऊन तो मोकळा झाला असता तर ते दान ठरले असते, आणि दान करून माणूस सुटतो. याने मात्र अनोळखी माणसाच्या नावाने स्वतःचे उधारीचे खाते उघडे ठेवले, आणि परत येण्याचा शब्द दिला. टपरीवाल्याचे ‘उद्या जाऊन पायतो’ त्याच जातीचे.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. ज्याच्या तोंडून ‘माझा शेजारी कोण’ हा प्रश्न आला तो धर्मशास्त्राचा जाणकार होता. येशूने त्याला शेजाऱ्याची व्याख्या दिली नाही. गोष्ट सांगून उलट विचारले, या तिघांतला शेजारी कोण झाला? शेजारी असणे हा आधी नुसता पत्ता होता, येशूने त्याचे काम बनवले. आणि ते काम करणारा निवडला तो आपल्या धर्माबाहेरचा. ज्या धर्माच्या प्रीतीबद्दल आपण बोलत आहोत, त्याच्या संस्थापकानेच तिचा नमुना परक्या माणसात दाखवला. त्यामुळे टपरीवाल्याला या पानांत बसवताना मला कुणाची परवानगी घ्यावीशी वाटत नाही.

आता शब्दाचा घोळ. मूळ ग्रीक ‘अगापे’ला मराठी पवित्र शास्त्राने ‘प्रीती’ हा शब्द घेतला. चर्चबाहेरच्या मराठी कानाला तो सिनेमातला, फार तर लग्नपत्रिकेतला वाटतो. पण त्याहून मोठी अडचण क्रियापदाची आहे. मराठीत प्रेम बसते, जडते, होते. तिथे कर्ता फारसा उरतच नाही. शास्त्रात मात्र प्रीती करण्याची आज्ञा आहे, तीही शत्रूवर. आमच्या भाषेला हे वाक्य खटकते, आणि ते खटकणेच उपयोगी आहे. भावना कुणी हुकमाने आणू शकत नाही, काम मात्र सांगता येते. पाणी दे, रजई टाक, हिशेब चोख ठेव, शेजाऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नांगर घालू नकोस. आज्ञा द्यायची तर अशाच गोष्टींची देता येते.

पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय प्रीतीचा अध्याय म्हणून प्रसिद्ध आहे. ख्रिस्ती लग्नांत तो हमखास वाचतात, आणि तो ऐकताना वाटते की कुणा सुखी मंडळीला उद्देशून हे लिहिले असावे. मागचे अध्याय उघडून पाहावेत. करिंथची मंडळी आपसांत भांडत होती, एकमेकांना कोर्टात खेचत होती. प्रभूच्या नावाने एकत्र जेवायला बसायचे तेव्हा खातेपिते लोक लवकर येऊन आपला डबा संपवत, आणि दिवसभर राबून उशिरा येणारा गरीब उपाशी राही. यासाठी मराठीत नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. तो प्रसिद्ध अध्याय म्हणजे पंक्तिप्रपंच करणाऱ्यांना लिहिलेला खडसावणारा कागद आहे. सहनशीलता, हेवा न करणे, फुशारकी न मारणे ही यादी त्या पंगतीला समोर ठेवून केलेली आहे. कुणाच्या पानात काय पडले, यावरून तिथे प्रीती मोजली गेली.

आमच्या जिल्ह्यात हे मोजमाप अक्षरशः हिशेबाच्या वहीत उतरवणारा एक माणूस होऊन गेला. जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा. ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला तमिळ ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले. लंडनला हिशेबतपासणी शिकले, मुंबईत धंदा मांडला, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्ताचा अभ्यास करताना इंग्रज राजवट या देशाला गरीब कशी करते हे आकड्यांनी त्यांच्या ध्यानात आले. मे १९२९ मध्ये साबरमतीला गेले तेव्हा अंगात रेशमी सूट होता. झाडाखाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातत बसला होता. त्याच्याकडे बघत हे उभे राहिले. हाच गांधी, हे कळल्यावर त्याच सुटात जमिनीवर बसले.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी वर्ध्यातली आपली बाग त्यासाठी दिली, तिचे नाव मगनवाडी पडले. तिथे कुमारप्पांनी तेलघाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ, मधमाश्या, धूर कमी करणारी मगन चूल यांत आयुष्याची उत्तम वर्षे घातली. चुलीचा धूर कमी करणे ही कुणाला प्रीतीची गोष्ट वाटणार नाही. ज्या बाईचे डोळे रोज त्या चुलीपुढे जळतात, तिला विचारावे.

पण मला त्यांची सर्वांत आवडती हकिगत वर्ध्याला येण्याच्या थोडी आधीची आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. मदतनिधीचा हिशेब कुमारप्पांकडे आला. त्यांनी नियम केला, प्रत्येक कार्यकर्त्याच्या जेवणाखाण्यासाठी निधीतून दिवसाला तीन आणे, त्यावर दमडी नाही. गांधीजी आपल्या मंडळींसह आले. त्यांची फळे, दूध, गाडीचे पेट्रोल हे तीन आण्यांत कसे बसणार? गांधीजींचे सचिव महादेवभाई यांना कुमारप्पांनी सांगितले, हा खर्च तुम्ही दुसरीकडून करा, हा पैसा भूकंपग्रस्तांचा आहे. गाऱ्हाणे बापूंपर्यंत गेले. त्यांनी कारण ऐकले आणि नियम मान्य केला.

एखाद्याला यात कोरडेपणा दिसेल. मला यात त्या शोमरोन्याचे दोन दिनार दिसतात. ज्याला आपण कधी भेटणार नाही, त्या पडक्या घरातल्या माणसाच्या वाट्याचे पेट्रोल महात्म्याच्या गाडीतही जाऊ द्यायचे नाही, यासाठी भावनेपेक्षा कणा जास्त लागतो. आपल्याकडे सेवेच्या संस्था बुडाल्या त्या प्रीतीच्या तुटवड्याने कमी आणि वहीच्या हलगर्जीने जास्त, असे माझे मत आहे. हे मत काहींना आवडणार नाही.

१९४२ च्या लढ्यानंतर कुमारप्पा जबलपूरच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी येशूच्या आचरणावर आणि शिकवणीवर एक छोटे पुस्तक लिहिले आणि टिकाऊ अर्थव्यवस्थेवर दुसरे. या दुसऱ्यात त्यांनी निसर्गातले व्यवहार पाच प्रकारांत लावले. परोपजीवी आणि लुटारू अगदी खाली, आणि सर्वांत वर सेवेचा, ज्याचा नमुना पिलाला भरवणारी आई. दोन्ही पुस्तके १९४५ मध्ये आली आणि दोन्हींना गांधीजींनी प्रस्तावना लिहिल्या. त्या प्रस्तावना आखूड आहेत. माझी लांबते आहे हे मला कळते.

कुमारप्पांनी आपल्या धर्मबांधवांनाही सोडले नाही. इंग्रज सरकारच्या बाजूने बोलणाऱ्या कलकत्त्याच्या बिशपांशी त्यांनी १९३० मध्ये उघड पत्रव्यवहाराने वाद घातला. येशूच्या शिकवणीशी तुमचे हे बोलणे जुळते का, हा त्यांचा मुद्दा होता. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या स्मृतिदिनीच, मद्रासला त्यांचे निधन झाले. मगनवाडीतले संग्रहालय आजही उघडे असते. आमच्याकडून वर्ध्याला कोर्टकचेरीसाठी जाणारी शेकडो माणसे त्याच्यापासून हाकेच्या अंतरावरून जातात आणि आत जात नाहीत.

मराठीत या विषयाची कहाणी स्त्रियांशिवाय सांगता येत नाही. कवी नारायण वामन टिळक नागपूरला आप्पासाहेब बुटींकडे काम करीत, आणि पुढे राजनांदगावच्या गाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबल दिले, हे सगळ्यांना माहीत असते. फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. पण रोजच्या जगण्यातली प्रीती पाहायची तर टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे जावे. नवरा धर्म बदलून बसला, सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई पाच वर्षे झगडली. १९०० मध्ये तिचा बाप्तिस्मा झाला, पण खरा पालट त्याच्या आधी पाण्याच्या तांब्यापाशी झाला होता. माणसाने माणसाच्या हातचे पाणी का नाकारावे, याचा विचार करकरून तिने कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. ज्यांनी लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेले नाही त्यांनी हे पुस्तक बाजूला ठेवून आधी ते वाचावे. धर्मांतर ग्रंथालयात होते अशी माझी समजूत होती, ती त्या पुस्तकाने मोडली. स्वयंपाकघरात ते जास्त अवघड असते.

पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडल्या. वर्धा नदीच्या अलीकडचा आमचा जिल्हा त्याच प्रांतातला, पलीकडे वऱ्हाड. उपाशी, टाकलेल्या मुली आणि विधवा त्यांनी केडगावला नेल्या. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना नुसते जेवू घातले नाही. विणकाम, शेती, छापखाना शिकवला, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवले. मूळ भाषांवरून रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेले बायबल याच बायकांच्या हातांनी जुळवलेल्या खिळ्यांतून छापले गेले. पूर्ण ग्रंथ बाहेर पडला १९२४ मध्ये. रमाबाई दोन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या.

आणि अलीकडचे उदाहरण जामखेडचे. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये नगर जिल्ह्याच्या त्या दुष्काळी टोकाला जाऊन बसले. गावोगाव हापशी बसवायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती दलित वस्तीत बसेल असे पाहिले. पाणी हवे असेल त्याने तिथे यावे. समतेवर व्याख्यान न देता त्यांनी भोकाची जागा ठरवली. निरक्षर बायकांतून त्यांनी आरोग्यसेविका घडवल्या आणि बाळंतपणे, अतिसार, कुपोषण त्यांच्या हाती सोपवले. १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो जगाला कळण्यापुरता ठीक. मला हापशीची जागा जास्त सांगते.

इथपर्यंत वाचून काही वाचकांच्या मनात एक प्रश्न तयार असणार. ही सगळी प्रीती धर्मांतरासाठीच ना? प्रश्न खोटा नाही. दुष्काळात भाकरीबरोबर बाप्तिस्मा दिला गेल्याचे आरोप तेव्हाही झाले, आणि गांधीजींनी मिशनऱ्यांशी हाच वाद वर्षानुवर्षे घातला. माझे उत्तर त्या उघड्या खात्यापाशीच आहे. शोमरोन्याने जखमी माणसाकडून काहीही वसूल करायचे ठेवले नव्हते, फेडणारा तोच होता. दिलेल्याची वसुली कुणी धर्माच्या रूपाने करणार असेल तर त्याला प्रीती म्हणू नये, ती सावकारी. पण हा आरोप करणाऱ्यांनाही एक विचारावे लागते. दुष्काळातल्या त्या मुलीला न्यायला आपल्यातले किती जण गेले होते? ख्रिस्ती समाजातही जात पुरती मेलेली नाही, हे त्या समाजातले लोकच लिहीत आले आहेत. पंक्तिप्रपंच करिंथमध्येच संपला नाही.

उलट बाजूने, वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले, आणि सेवाग्रामला गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतःच्या हाताने मालिश केली. कुष्ठरोग्याला शिवणारा हात म्हटले की आठवतो तो नासरेथकर येशू. या हातांवर नाव कुणाचे लिहायचे, हा वाद मी घालणार नाही.

आता अवघड भाग, आणि तो मी उरकतो, कारण माझी बाजू लंगडी आहे. अपघात रोज होत नाही. रोज समोर येतो तो धुरा. आमच्या शेताला धुरा लागून असलेला माझा चुलतभाऊ आणि मी, अकरा वर्षे बोललेलो नाही. भांडण दोन तासांच्या जमिनीचे, म्हणजे नांगराच्या दोन रेघांचे. मोजणी झाली, अपील झाले. मागच्या उन्हाळ्यात त्याची मोटर जळली आणि संत्र्याच्या झाडांची पाने गळू लागली. माझ्या विहिरीला पाणी होते. मी दोन दिवस पाहत राहिलो. तिसऱ्या दिवशी माझ्या बायकोने मला न विचारता पाइप टाकून दिला. त्याने पाणी घेतले. बोलणे अजूनही नाही. पुढची पाने वाचताना मला हे सारखे आठवत होते. शत्रू हा शब्द शास्त्रात वाचला की आपल्याला रणांगण दिसते. माझा शत्रू माझ्याच आडनावाचा आहे आणि सकाळी त्याच्या बैलांची घुंगरे मला ऐकू येतात.

म्हणून वाचकाने पुढचे लेख संतचरित्रासारखे वाचू नयेत. त्यांत म्हाताऱ्या सासूचे अंथरूण बदलणारी सून आहे, पगारातून दशांश काढताना दुकानदाराची उधारी आधी फेडणारा कारकून आहे. काही लेख जरा गोड झाले आहेत, ते मी सुचवूनही तसेच राहिले. जे चांगले आहेत त्यांत कुणी ‘प्रीती’ हा शब्द फारसा वापरलेला नाही.

जाता जाता रस्त्यावर परत येतो. लूकच्या गोष्टीतला तो शोमरोनी आज भारताच्या कायद्यात आहे, इंग्रजी नावाने, ‘गुड समॅरिटन’ म्हणून. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपघातात मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे देशभर लागू केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर जखमीच्या इजेबद्दल वा मृत्यूबद्दल खटला होत नाही. त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. जखमीला दवाखान्यात पोचवून तो निघून जाऊ शकतो. त्या डिसेंबरच्या रात्री गाडीत मला सुचलेल्या कारणांतले पोलिसांचे कारण आता उरलेले नाही. तळेगावच्या आसपास रस्त्याच्या कडेला कुणी पडलेले दिसले तर गाडी थांबवा, १०८ ला फोन लावा, आणि थंडीचे दिवस असतील तर गाडीत एक जुनी रजई असू द्या.